पेडल मऊ, पण गिअर पडेना

डॉक्टरांची 1300 सीसीची जिप्सी बरीच वर्षं माझ्याकडेच येते. कोयनेच्या वरच्या वाड्यांवर पेशंट बघायला ते स्वतः गाडी घेऊन जातात. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच त्यांना दाबवेना. केबल जड झाली की नवी टाकायची, हा साधा उपाय मी आधी केला होता. खर्च कमी आणि बहुतेक गाड्यांना तेवढंच पुरतं. पण त्या चिखल-पाण्यात दोन पावसाळ्यांत दोन केबली गंजल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, आता हायड्रॉलिकच करा."

हायड्रॉलिकमध्ये पेडलजवळचा मास्टर सिलिंडर ऑईल ढकलतो आणि गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह सिलिंडर त्या ऑईलच्या दाबानं क्लचचा लिव्हर हलवतो. केबल लिव्हरला ओढते, स्लेव्ह ढकलतो. म्हणून स्लेव्ह लिव्हरच्या उलट बाजूला घेतला. जाड पट्टीचा ब्रॅकेट बनवून तो गिअरबॉक्सच्याच बोल्टांत पकडला. चासीवर पकडला असता तर इंजिन रबरांवर हललं की क्लचही हलला असता. मास्टर 5/8 इंची, ड्रम ब्रेकचा नाही. ड्रम ब्रेकच्या मास्टरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो दाब क्लचला मिळाला की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग दाबलेलंच राहतं आणि क्लच प्लेट जळते. स्लेव्ह मात्र मी 7/8 इंची घेतला, कारण स्लेव्ह मोठा तर पेडल हलकं, आणि मनात एकच होतं: डॉक्टरांचा गुडघा.

दुपारी चार वाजता डॉक्टरांनी पेडल दाबलं. नुसत्या पंज्यानं खाली गेलं, त्यांचा चेहराच खुलला. गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला आणि गिअरबॉक्स कर्रकन ओरडला.

मी धरून बसलो की लाइनीत हवा आहे. तीनदा एअर काढली. हवा सोडायचा निपल वरच्या बाजूला होता, बुडबुडा एकही येत नव्हता. पुतण्या बॉनेटमध्ये वाकून बघत होता. तो म्हणाला, "काका, पेडल दाबलं की मास्टर बसवलाय तो पत्राच पुढे येतोय." खरंच होतं. केबलच्या गाडीत त्या जागेवर मास्टरचा धक्का सोसायची ताकद कंपनीनं कशाला ठेवावी? पत्रा वाकत होता आणि पेडलची चाल तिथेच जिरत होती.

पत्र्याला आतून चार मिलिमीटरची लोखंडी प्लेट लावली. फरक पडला, पण रिव्हर्स तरी ओरडायचाच. मग मी वही घेतली. केबल काढण्याआधी लिव्हरची चाल मोजून ठेवली होती: 16 मिलिमीटर. मास्टरचा दट्ट्या 25 मिलिमीटर जात होता. 5/8 चं क्षेत्रफळ 198 चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम पाच सीसी ऑईल. 7/8 चं क्षेत्रफळ 388. तेवढ्या ऑईलवर तो पावणेतेरा मिलिमीटरच सरकणार. क्लच पूर्ण सुटतच नव्हता. जितका जोर वाचवला, तितकी चाल मी घालवली होती. आकडा वहीत होता आणि स्लेव्ह घेताना मी तो पाहिला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. डॉक्टर दिवसभर बाकावर बसून होते.

3/4 इंची स्लेव्ह दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला. हिशोबानं चाल सव्वासतरा मिलिमीटरच्या थोडी वर, लिव्हरवर मोजपट्टी लावली तर साडेसोळा. रिव्हर्स आवाज न करता पडला. पेडल कालच्याएवढं मऊ नव्हतं, पण केबलीपेक्षा पुष्कळ हलकं. डॉक्टरांना ते आधीच सांगून ठेवलं.

कुंभार्ली घाटात चढावर भरलेल्या ट्रकमागे मुद्दाम थांबत, सुटत गेलो. डॉक्टरच चालवत होते. चौथ्या-पाचव्या वेळेनंतर त्यांचा हात गुडघ्याकडे जायचा थांबला. मी मात्र वर जाईपर्यंत वास घेत होतो, प्लेट घसरतेय का म्हणून.

ऑईल गळतंय का बघायला रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी तो कोरडा होता. जुन्या केबलचा ब्रॅकेट आणि पेडलवरचा केबल अडकवायचा हूक मी कापला नाही. सील गेलं तर वाडीवर ब्रेक ऑईल कुठून आणणार? नवी केबल ग्रीस लावून, गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवली आणि किल्ली दिली.