तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पाच मसाल्यांचं मी काय करते

‘चायनीज मसाला घरच्या स्वयंपाकात कसा वापरायचा गं?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना विचारून झालेला आहे. आम्ही शांघायला राहून आलो, म्हणून हा प्रश्न मला. पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी लालभडक शेजवान चटणी असते, तिच्याबद्दल मला विचारून उपयोग नाही. तिकडे ती मी कधी पाहिली नाही. ती आपल्याकडची आहे, मला आवडतेही, पण तिच्यासाठी शांघायला राहून आलेली बाई कशाला हवी?

मी वापरते ती पाच मसाल्यांची चिनी भुकटी तपकिरी असते आणि तिच्यात मिरची नसते. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि ह्वाज्याओ. हे शेवटचं म्हणजे सिचुआनकडचं फळ. लोक त्याला मिरी म्हणतात, पण मिरीशी त्याचं काही नातं नाही. नातं आहे ते आपल्या तिरफळाशी, दोन्ही एकाच कुळातली. जिभेला मुंग्या येतात त्या दोन्हींमुळे. दोन्हींच्या आतली काळी बी कचकचते म्हणून काढून टाकायची आणि साल वापरायची. मालवणात बांगड्याच्या आमटीत जे घालतात त्याच्या भावंडाला पुण्यात ‘काहीतरी चिनी’ म्हणतात, यावर मी पूर्वी भांडायचे. आणि हो, अजिनोमोटो यात नसतं. ते वेगळंच प्रकरण आहे, १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्रातल्या शेवाळापासून वेगळं केलेलं. चीनने नाही, जपानने.

आता वापर. ही भुकटी फोडणीत घालू नका. आपला हात सवयीने गरम तेलाकडे जातो, आणि तिथे ती क्षणात करपून कडू होते. ती मुरवणात घाला, नाहीतर रसात. अर्धा किलो चिकनला किंवा लाल भोपळ्याला पाव चमचा पुरे. लवंग आणि चक्रीफूल दोन्ही दांडगट, चमचाभर टाकलंत तर घरात दंतमंजन उघडल्यासारखा वास सुटेल. भोपळ्याच्या फोडी थोडं तेल, मीठ, चिमूटभर गूळ आणि ही भुकटी चोळून ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर भाजा. पनीरच्या जाड चकत्या सोया सॉस, साखर आणि या भुकटीत आटवा. तिकडे असं सुकं टोफू करतात, पातळ चिरून थंडच खातात.

पण खरं सांगायचं तर शांघायच्या घरांतून मी भुकटी कमीच पाहिली. तिथल्या बायका अख्खं चक्रीफूल आणि दालचिनीचा तुकडा सोया सॉस-खडीसाखरेच्या रसात सोडतात आणि मांस तासन्‌तास मंद शिजवतात. अंड्यांचंही तसंच. उकडायची, कवच चमच्याने ठोकून तडकवायचं, सोलायचं नाही. मग चहाची पत्ती, सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी, बडीशेप घातलेल्या पाण्यात पुन्हा उकळून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी सोललंत की पांढऱ्यावर तपकिरी नक्षी. तिकडे प्रत्येक छोट्या दुकानात गल्ल्याशेजारी अशा अंड्यांचं भांडं वाफाळत असतं. आपल्याकडे सगळ्यात सोपा वापर भुईमुगाच्या ओल्या शेंगांचा. नाहीतरी मीठ घालून उकडताच, त्यात एक चक्रीफूल, दालचिनीचा तुकडा आणि चार तिरफळं टाका. ही काही माझी अक्कल नाही, चीनमध्ये शेंगा अशाच उकडतात.

इथवर सगळं कुठेही वाचायला मिळेल. तुम्ही विचारता ते हे नाही, हे मला कळतं. तुम्हाला विचारायचं असतं की पूर्वी एवढ्या हौसेने चिनी पानं मांडणारी ही बाई आता घरी कोणी आलं की वरण-भात, बटाट्याची भाजी आणि ‘माझा तो माशाचा मसाला’ एवढ्यावर का थांबते. तर ऐका.

२०२० चा फेब्रुवारी. आम्ही आदल्या पावसाळ्यातच परत आलो होतो. केरळात वूहानहून आलेले तीन रुग्ण सापडून गेले होते, टीव्हीवर दिवसभर तेच. पुतण्याचं केळवण आमच्याकडे होतं. मी सुरमई केली होती, शांघायला थंड वाढतात त्या पद्धतीची. तिकडे ती नदीतल्या माशाची असते. तुकडे कडक तळायचे आणि तेलातून काढल्या काढल्या गार रसात बुडवायचे. चर्र आवाज होतो आणि तुकडा रस पिऊन घेतो. रसात सोया सॉस, साखर, आलं, पातीचा कांदा आणि ती भुकटी. हीच सुरमई दिवाळीनंतरच्या रविवारी आमच्याकडे झाली होती. तेव्हा नवऱ्याच्या आत्याने दोनदा मागून घेतली होती आणि ‘थंड मासा कोण खातं’ म्हणणाऱ्या काकांना गप्प केलं होतं.

केळवणाच्या दिवशी भुकटीचं पाकीट ओट्यावरच राहिलं. लाल-पिवळं, चिनी अक्षरांचं. शांघायच्या शेजारच्या आजींनी निघताना जी पिशवी हातात कोंबली होती, तिच्यातलं ते शेवटचं. आत्या पाण्याचा तांब्या घ्यायला आत आल्या आणि तांब्या न घेताच बाहेर गेल्या.

बाहेर काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मी पानं वाढत होते. पण पंगत बसली आणि सुरमई वाढायला वाकले की प्रत्येक पानावर हात आडवा यायला लागला. ‘नको, आज नको.’ ‘माझा शनिवार आहे’, तेही रविवारी. कोणीतरी हसलं. नवरीकडच्या एका मुलीने मुकाट्याने पानातला तुकडा कोशिंबिरीखाली झाकला, आणि तिने निदान घेतला तरी होता. नवरा पिठलं आहे का विचारायला आत गेला. केळवणाला पिठलं! शेवटी आत्याच म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या हाताबद्दल काही नाही. पण ते पाकीट तिकडून आलंय ना? वय झालंय आमचं.’ आवाजात राग नव्हता. भीती होती. राग असता तर मला उत्तर सुचलं असतं.

उत्तर सुचलं ते रात्री, भांडी घासताना. तुमच्या घरच्या गरम मसाल्यातलं चक्रीफूल कुठून येतं? चीनच्या ग्वांगशी प्रांतातून, नाहीतर त्याला लागून असलेल्या व्हिएतनामच्या डोंगरांतून. बाजारातली जाड सालीची दालचिनीसुद्धा बहुतेक चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाची. आणि २००९ मध्ये याच पुण्यात स्वाइन फ्लूने सगळ्यांची पाचावर धारण बसली होती तेव्हा ज्या टॅमिफ्लूच्या गोळ्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, तिचा कच्चा माल म्हणजे शिकिमिक अ‍ॅसिड. ते मोठ्या प्रमाणावर या चक्रीफुलातूनच काढत. चीनचं फूल औषधात चाललं, बिर्याणीत चालतं, माझ्या सुरमईत नाही?

हे सगळं खरं आहे आणि त्या पंगतीत त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

मी भांडी घासत असताना सासूबाई आत आल्या. त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाने ते पाकीट उचललं, बोटं न लावता, आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आल्या. मग साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘आण्णांचा दमा आहे गं घरात.’ मी म्हटलं, ‘हो आई.’ खूप वर्षांच्या संसारात आमचं एवढं छोटं आणि एवढं लांबलेलं बोलणं दुसरं झालेलं नाही.

नंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये दारं बंद झाली, जूनमध्ये गलवान घडलं, आणि चिनी वस्तू फेकण्याचे व्हिडिओ आमच्याच कुटुंबाच्या ग्रुपवर फिरले. ज्यांनी पाठवले त्यांच्या हातातले फोन कुठले होते ते मी विचारलं नाही. सीमेवर आपली माणसं गेली होती. त्या दुःखाशी वाद घालायला माझ्याकडे सुरमई एवढंच हत्यार होतं.

तेव्हापासून भुकटी मी घरी करते. माप हवं असेल तर घ्या: पाच चक्रीफुलं, दोन चमचे बडीशेप, दोन इंच दालचिनी, अर्धा चमचा लवंगा, एक चमचा बिया काढलेली तिरफळं. मंद आचेवर नुसता वास सुटेपर्यंत परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. गार करून दळायचं आणि चाळायचं, कारण चक्रीफुलाची टोकं काही केल्या दळली जात नाहीत. बाटलीवर नाव लिहिलेलं नाही.

शांघायहून नुकतीच परतलेली मी या बाटलीवर फार चिडली असती. ती म्हणायची, ह्वाज्याओ नसेल तर करूच नका, तिरफळ वेगळं. आणि तिचं बरोबर आहे. तिरफळाचा वास रांगडा, ह्वाज्याओला संत्र्याच्या सालीसारखी एक हलकी झाक असते, ती माझ्या भुकटीत नाही. ती असंही म्हणाली असती की नाव लपवून खाऊ घालणं म्हणजे शेपूट घालणं. त्यावर मी तिला म्हणते, तुला ती पंगत वाढावी लागली नव्हती. ती म्हणते, म्हणूनच मला अजून लाज वाटत नाही. आम्ही दोघी इथेच अडकतो. कधी मला वाटतं तिरफळ घालून मी ही भुकटी खरोखर इथली केली. कधी वाटतं, इथली केली म्हणजे फक्त पाकीट बदललं.

मागच्या महिन्यात आत्यांचा फोन आला. ‘तुझा तो माशाचा मसाला दे गं पाव किलो, नातवाला डब्यात चिकन द्यायचंय.’ पाव किलो! पाव किलोत वर्ष निघेल म्हटलं, तरी हट्ट. दिला. त्यांनी विचारलं काय काय असतं यात, तर पाचही नावं सांगितली, प्रमाणासकट, त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहूनही घेतली. चीनचं नाव निघालं नाही. नवरा म्हणतो, सांगायला हवं होतंस, आता काय घाबरायचं. तर त्याने सांगावं. आत्या त्याची आहे.