न वाळणारी काळी शाई : माझा अनुभव

माझ्या लिनोकटच्या (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेल्या चित्राच्या) ३० प्रती छापून झाल्या, त्या दिवशी काम संपले असे मी समजले होते. कोरणी आणि छपाई दोन्ही सुरळीत पार पडली होती. अडवले ते शाईने, आणि तेही सगळे छापून झाल्यावर. २३व्या दिवशी सर्वांत वरच्या प्रतीवर करंगळी टेकवली, तर बोटावर काळा डाग उमटला आणि चित्राच्या मोकळ्या पांढऱ्या भागावर त्याचा ठसा राहिला.

आठव्या दिवशीच मी विक्रेत्याला विचारले होते. काळी शाई सगळी सारखीच असते, हवा दमट असेल, थांबा, असे उत्तर मिळाले. मी थांबले, याचा राग अजून जात नाही. डब्यावर ‘काळी, तेलयुक्त’ एवढेच छापलेले होते. निर्मात्याचे माहितीपत्रक मिळवले तेव्हा कळले की ती एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून केलेल्या छपाईची शाई होती आणि तिच्यात ड्रायर (शाई लवकर वाळवणारा पदार्थ) अजिबात नव्हता.

एचिंगच्या दृष्टीने तो दोष नाही. पत्र्यावर शाई भरून, जाळीदार कापडाने पुसत, रेघांमध्ये हवी तेवढीच ठेवायला बराच वेळ लागतो. तेवढ्यात ती वाळू लागली तर पुसणे अशक्य होते, म्हणून अशा शाईत ड्रायर टाळतात किंवा अगदी कमी घालतात. शिवाय तिथे कागद ओलसर, मऊ असतो आणि यंत्राच्या दाबाखाली तो रेघांमध्ये शिरून शाई उचलतो. लिनोकटमध्ये मात्र रोलरने दिलेला शाईचा सलग थर कोरड्या कागदावर पसरून राहतो. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. माझा थर जाड होता, कागदाला भरपूर खळ असल्याने तो शाई फारशी शोषत नव्हता, आणि दोनच दिवसांनी मी प्रती एकमेकींवर रचून हवेची वाटही बंद केली होती. त्यात रंगद्रव्य कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीच. तिचे अतिसूक्ष्म कण ड्रायर स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे बाहेरून ड्रायर मिसळला तरी काळी शाई इतर अनेक रंगांपेक्षा सावकाश वाळते. दमट हवेचा वाटा या सगळ्यात सर्वांत लहान होता.

कंटाळून मी दोन प्रतींवर टाल्कम भुरभुरले. चिकटपणा गेला, पण ज्या गडद काळ्यासाठी ती शाई घेतली होती तो राखाडी झाला. हा उपाय कोणीही करू नये.

यानंतर मी चाचणी घेतली, आणि ती नीट घेतल्याचे मला समाधान आहे. चार शाया, एकच कागद, प्रत्येकीचा एक पातळ आणि एक जाड पट्टा. १, ३ आणि ७ दिवसांनी त्यांवर पांढरा कागद ठेवून नखाने घासायचे. ड्रायर असलेल्या, लिनो आणि वुडकटसाठी (लाकूड कोरून केलेल्या छपाईसाठी) बनवलेल्या शाईचा पातळ पट्टा तिसऱ्या दिवशी कोरडा होता, जाड पट्टा सातव्या दिवशीही डाग देत होता. काळ्यांमधला फरकही तेव्हाच डोळ्यांना दिसला. जाळलेल्या हाडांपासून केलेला बोन ब्लॅक पातळ थरात उबदार, किंचित तपकिरी दिसतो, तर कार्बन ब्लॅक अधिक झाकणारा आणि थंड छटेचा असतो. एचिंगमध्ये बोन ब्लॅक सहज पुसला जातो आणि कार्बन ब्लॅक पत्र्यावर धूसर पडदा ठेवतो, हे मला पुढे पत्र्यावर काम करताना उमगले.

मी शेवटी ड्रायर असलेली कार्बन ब्लॅकचीच शाई घेतली. ती रोलरखाली हलकी रेशमी सळसळ करते. चटचट आवाज आला आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसू लागला की थर जाड झाला असे समजावे. फार सैल शाई बारीक कोरीव रेघा बुजवते, तेव्हा मॅग्नेशियम कार्बोनेट थोडेथोडे मळून ती घट्ट करता येते. कोबाल्ट ड्रायर बाहेरून घालायचाच असेल, तर सुरीच्या टोकावरच्या थेंबांनी मोजावा, कारण जास्त झाला की वर साय धरते आणि आतली शाई ओलीच राहते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कधीही टाकून देऊ नये. ज्या प्रक्रियेने शाई वाळते तिच्यातूनच उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

पहिल्या ३० प्रतींपैकी १९ खराब झाल्या. उरलेल्या ११ मी दोरीवर सुट्या टांगल्या, आणि ५२व्या दिवशी करंगळी प्रथमच कोरडी निघाली.