बेचाळिसाव्या वर्षी पांढरा पट्टा

जपानच्या ओकिनावा बेटावर दोजो, म्हणजे कराटे शिकायची जागा, शोधायला निघताना मोठी पाटी, काचेचं दार, टेबलामागे बसलेली बाई असलं काही डोळ्यांसमोर आणू नये. इथले कितीतरी दोजो वस्तीतल्या घरांतच असतात. वर सेन्सेईंचं, म्हणजे गुरूंचं बिऱ्हाड, खाली लाकडी जमीन असलेली एक खोली आणि दाराशी चपलांची रांग. मी शेवटी ज्या दोजोत गेले, त्याच्यासमोरून रोज गाडी नेत होते आणि ते कुणाचं तरी गोदाम असावं असं समजत होते.

मी ओंना गावातल्या ओआयएसटी या विद्यापीठाच्या ऑफिसात काम करते. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी पुन्हा गाडीची सीट. कंबर बोलायला लागली होती. त्यात २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये किउना र्योने कातामध्ये, म्हणजे कराटेच्या ठरावीक हालचाली क्रमाने एकट्याने करून दाखवण्याच्या प्रकारात, सुवर्ण जिंकलं. ओकिनावाच्या खेळाडूला मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण, त्यामुळे ऑफिसात, दुकानात, जिकडे तिकडे तोच विषय. कराटेच्या जन्मगावी राहायचं आणि व्यायामासाठी यूट्यूब लावून गच्चीत उड्या मारायच्या, हे मलाच पटेना.

तोमिगुसुकुला २०१७ साली उघडलेलं ओकिनावा कराटे काइकान, म्हणजे कराटे भवन आहे. तिथलं माहिती केंद्र परदेशी माणसांना दोजो गाठून देतं. मी मेल केली, तर उलट प्रश्न आले: वय किती, जपानी किती येतं, इथे किती काळ राहणार, आणि कुठली शैली हवी. शेवटच्या प्रश्नाला मी अडले. शोरिन-र्यू, गोजू-र्यू, उएची-र्यू ही मोठी नावं. शोरिन-र्यूची मुळं इथल्याच शुरीकडची, गोजू-र्यूची नाहा शहराकडची. उएची-र्यू मात्र उएची कान्बुन यांनी चीनमधल्या फूचौहून शिकून आणलेली. मी दोन रात्री वाचत बसले. शेवटी गोजू-र्यू घेतली, कारण तो दोजो घरच्या वाटेवर होता. ही काही शास्त्रशुद्ध निवड नव्हे, पण रात्री साडेनऊला दमून परतायचं असतं तेव्हा अंतर हाच सगळ्यात मोठा निकष ठरतो.

पहिल्या दिवशी नुसतं बघायचं असतं. भिंतीला टेकून बसले. समोर दोन जुने फोटो: हिगाओन्ना कान्र्यो (१८५३–१९१५) आणि त्यांचे शिष्य, गोजू-र्यूचे संस्थापक मियागी चोजुन (१८८८–१९५३). बाजूच्या भिंतीवर शिकणाऱ्यांच्या नावांच्या लाकडी पट्ट्या, हुद्द्याप्रमाणे ओळीने. तास संपल्यावर सेन्सेईंनी एवढंच विचारलं, "गुडघे ठीक आहेत ना?" मग एक फॉर्म, खेळाडूंच्या विम्याचे थोडे पैसे, आणि महिन्याच्या फीसाठी एक पाकीट. दर महिन्याला त्यात रोख पैसे घालून द्यायचे, ते शिक्का मारून परत देतात. मुंबईतल्या जिमच्या मानाने फी अगदीच किरकोळ. आमचे सेन्सेई यावर पोट भरत नाहीत. आयुष्यभर नोकरी केली आणि संध्याकाळी शिकवलं.

तास सुरू होतो पायाच्या बोटांपासून. गोजू-र्यूची जुन्बी उन्दो म्हणजे पूर्वतयारी बोटांपासून वर चढत जाते: बोटं, टाच, घोटा, गुडघा, कंबर, शेवटी मान. यातच पाऊण तास जातो आणि अंगावरचा गी, म्हणजे कराटेचा पोशाख, पिळून काढावा इतका भिजतो. इथला उन्हाळा रत्नागिरीच्या मे महिन्याला लाजवेल असा दमट, आणि आमच्या दोजोत एसी नाही. पंखा आहे, तो लहान मुलांच्या तासाला लागतो.

मग सान्चिन, म्हणजे गोजू-र्यूचा पायाभूत काता. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं सगळं पहिलं वर्ष यातच गेलं. दिसायला काहीच नाही. खांद्यांएवढ्या अंतरावर पाय, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांच्या रेषेत, बोटं किंचित आत वळलेली, गुडघे थोडे वाकलेले, माकडहाड आत ओढलेलं. दोन्ही मुठी समोर, कोपर छातीपासून मूठभर दूर. एक हात मागे घ्यायचा, सावकाश ठोसा द्यायचा, तो हात परत जागेवर आणायचा, एक पाऊल पुढे. सगळं श्वासाच्या तालावर, आणि श्वास ऐकू येईल असा. बस्स. हे करताना मांड्या थरथरायला लागतात, खांदे आपोआप कानांकडे सरकतात आणि खांद्यांकडे लक्ष दिलं की पायाची बोटं जमीन सोडतात.

सेन्सेई मागून येतात. आधी दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवून ते खाली दाबतात. मग काखेखालच्या स्नायूवर थाप, मांडीवर थाप, पोटावर दोन बोटं टेकवून क्षणभर थांबतात. कुठे ढिलाई आहे ते त्यांच्या हाताला लगेच कळतं. जुन्या शिष्यांना बसणाऱ्या थापा बाहेर रस्त्यावर ऐकू जातात. मला सुरुवातीला नुसता स्पर्श असायचा, ताकद वाढेल तशी थाप वाढत गेली. पूर्वी वर्षानुवर्षं नुसती सान्चिनच शिकवत, असं दोजोत सांगतात. पहिल्या महिन्यात मला ही बढाई वाटली होती.

आमच्याकडची सोसायटीतली कराटे मी पाहिली आहे. पुतण्या ठाण्यात शिकतो. दर काही महिन्यांनी परीक्षा, नवा रंग, नवं सर्टिफिकेट, घरात पेढे. तो मला फोनवर दर वेळी विचारायचा, "काकू, कुठला बेल्ट?" आमच्या दोजोत पांढरा, हिरवा, तपकिरी, काळा एवढेच रंग, आणि पांढरा वर्षानुवर्षं राहू शकतो. मुलांना रंगांनी हुरूप येतो हे मला मान्य आहे. पण बेचाळिसाव्या वर्षी रंगाची घाई नसणं फार सुखाचं वाटलं.

होजो उन्दोची, म्हणजे ताकद वाढवायच्या पूरक व्यायामाची अवजारं दोजोच्या कोपऱ्यात असतात. निगिरिगामे म्हणजे मातीची मडकी. त्यांचा काठ फक्त बोटांच्या टोकांनी धरून, हात शरीरापासून किंचित दूर ठेवून चालायचं. सुरुवातीला रिकामी, मग हळूहळू वाळू भरत जायची. मनगटापेक्षा आधी अंगठा रडतो. माकिवारा, म्हणजे ठोसे मारायची लवचिक फळी, नवशिक्याने जोर लावून मारायची नाहीच. रोज थोडे, सरळ मनगटाने, फळी मागे वाकेल एवढेच.

आणि चीइशी: लाकडी दांड्याच्या एका टोकाला दगड किंवा सिमेंटचा गोळा. एका हाताने दांडा धरून डोक्यामागून फिरवायचा आणि समोर आणून थोपवायचा. वडील कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत जाणारे. व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवला.

"हे आपलं मुद्गलच की!"

"हो बाबा, थोडं तसंच."

"वजन किती?"

"चार किलो."

"एवढंच?"

त्यानंतर दर रविवारी ते वजन विचारतात. अजून चारच आहे.

जोडीदारासोबतचं काकिए मला सगळ्यात आवडतं. समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावायचं, एकाने ढकलायचं, दुसऱ्याने ते ओढून घेत परत ढकलायचं. माझे जोडीदार सत्तरीतले एक निवृत्त गृहस्थ. दिसायला काटकुळे. त्यांच्या हातावर मी सगळं वजन टाकलं तरी त्यांच्या श्वासात फरक पडत नाही, आणि त्यांनी नुसती कंबर वळवली की मी एक पाऊल मागे. सेन्सेई माझ्या बरगड्यांखाली, कंबरेच्या बाजूला टिचकी मारून म्हणतात, "गामाकु, गामाकु." खांद्याने ढकलू नकोस, इथून ढकल. हाताला हात आपटून घट्ट करायच्या व्यायामाने कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे डाग पडले होते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने बाजूला घेऊन घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. नवरा तेव्हापासून माझ्या ऑफिसच्या पार्टीला आला की आधी माझ्या बाह्या खाली करतो.

पहिला खरा काता म्हणजे गेकिसाई दाई इची. मियागींनी तो १९४० च्या सुमारास नवशिक्यांना, शाळेतल्या मुलांना जमावा म्हणून रचला. वरचा अडथळा, ठोसा, खाली बसून खालचा अडथळा, पुढे लाथ, कोपर. सान्चिनमध्ये मुरलेले पाय इथे कामाला आले. वळताना तोल जात नाही हे माझं मलाच नवल वाटलं. परीक्षेत सेन्सेई आणि दोन ज्येष्ठ समोर जमिनीवर बसले होते. सान्चिन, गेकिसाई, मूलभूत ठोसे, एवढंच मागितलं. निकाल असा की भिंतीवर माझ्या नावाची पट्टी लागली, काताकाना या जपानी लिपीत, ओळीच्या अगदी शेवटी. पट्टा पांढराच. पुतण्याला हे समजावताना नाकी नऊ आले.

दर ऑक्टोबरमध्ये २५ तारखेच्या कराटे दिनाच्या सुमारास नाहाच्या कोकुसाई-दोरीवर रस्ताभर लोक एकत्र काता करतात. २०१६ साली तिथे ३,९७३ जणांनी एकदम काता केला होता. त्या गर्दीत नवशिकेही चालतात.

महाराष्ट्रातून आठवडाभराच्या सुट्टीत शिकायला येणाऱ्यांनी आधी मेल करावी, उत्तराची वाट बघावी, अचानक दारात उभं राहू नये. गी साधा, पांढरा, आपल्या क्लासच्या बिल्ल्यांशिवाय. आधीचा काळा पट्टा असेल तर तो घालायचा का, हे सेन्सेईंनाच विचारावं. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र घरी. आणि नखं कापून जा, हातांची आणि पायांचीही. आमच्याकडे पहिल्याच दिवशी बघतात.