आतड्यातील एका जिवाणूची ओळख पटेपर्यंत

पुण्यात पीएच.डी. करत असताना एका निरोगी स्वयंसेवकाच्या विष्ठेच्या नमुन्यातून मी काही जिवाणू वेगळे केले होते. त्यांपैकी एकाचे 16एस आरआरएनए जनुक, म्हणजे जिवाणूंची ओळख पटवण्यासाठी वाचतात ते जनुक, सर्वांत जवळच्या ज्ञात प्रजातीशी 96.8 टक्केच जुळले. सुमारे 1,500 अक्षरांच्या या जनुकातील साम्य साधारण 98.7 टक्क्यांपेक्षा कमी भरले की प्रजाती नवी असण्याची शक्यता धरतात. मी त्याच दिवशी शोधनिबंधाचा आराखडा लिहायला घेतला. मार्गदर्शक बाईंनी मात्र एवढेच विचारले, ‘‘कल्चर शुद्ध आहे का, म्हणजे त्यात एकच जिवाणू वाढतोय ना, ते पाहिलंस?’’

पाहिले, तर ग्रॅम रंजनाच्या, म्हणजे जिवाणू रंगवून पाहण्याच्या, काचपट्टीवर लांब, बारीक दंडगोल दिसत होते आणि त्यांच्यामध्ये, मोजकेच पण निश्चित, जांभळे गोल ठिपके होते. एकाच कॉलनीत दोन जिवाणू वाढत होते. वाढीच्या बशीवर पुन्हा पुन्हा रेघा ओढून दंडगोल वेगळे केले, तेव्हा ते एकटे वाढेनात. सोबतीच्या जिवाणूकडून त्यांना काहीतरी मिळत असावे. शेवटी माध्यमात, म्हणजे जिवाणूंच्या खाद्यद्रवात, निर्जंतुक केलेला रुमेन द्रव, म्हणजे गाईच्या पोटातील पहिल्या कप्प्यातला द्रव, घातल्यावर वाढ दिसू लागली. या एका टप्प्याला पाच महिने लागले आणि माझ्या मते खरे काम तेच होते.

दुसरी अडचण ऑक्सिजनची. हे जिवाणू ऑक्सिजनविरहित चेंबरमध्येच वाढवावे लागतात. तिथे शिरलेल्या ऑक्सिजनचे पॅलेडियमच्या साहाय्याने हायड्रोजनशी संयोग होऊन पाणी बनते, पण हे पॅलेडियम वेळोवेळी भट्टीत तापवून कोरडे करावे लागते. एका आठवड्यात माझ्याकडून ते राहून गेले. सोमवारी सकाळी माध्यमातील रेझाझुरिन या ऑक्सिजनदर्शक रंगद्रव्याने सगळ्या नळ्या गुलाबी केल्या होत्या, म्हणजे ऑक्सिजन आत पोहोचला होता. याच जिवाणूच्या दोन कुप्या उणे 80 अंशांवर ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलेल्या होत्या, म्हणूनच पुढचे काम होऊ शकले.

त्यानंतर संपूर्ण जीनोम, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए, वाचून घेतला. जवळच्या प्रजातीशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य, म्हणजे दोन जीनोममधील अक्षरे सरासरी किती जुळतात ते, एकच प्रजाती मानण्याच्या 95-96 टक्क्यांच्या सीमारेषेच्या बरेच खाली आले, तेव्हा कुठे वेगळेपणाची खात्री पटली. पेशींतील मेदाम्लांच्या (फॅटी ॲसिडच्या) तपासणीसाठी जवळच्या प्रजातीचा प्रमाण स्ट्रेन, म्हणजे त्या प्रजातीचे नाव ज्याच्याशी जोडलेले असते ते वाण, मागवून तो आमच्या स्ट्रेनशेजारी, त्याच माध्यमात आणि त्याच तापमानाला वाढवला. माध्यम बदलले की मेदाम्लांचे प्रमाणही बदलते, त्यामुळे जुन्या निबंधातील आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहण्यात अर्थ नसतो. नव्याने हे काम करणाऱ्यांनी हा खर्च टाळू नये.

नाव अधिकृत होण्यासाठी स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतील जिवाणू-संग्रहांत ठेवून दोघांची प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. एक संग्रह पुण्यातलाच होता. परदेशी पाठवण्यासाठी 2002 च्या जैवविविधता कायद्याखालील कागदपत्रे पूर्ण करण्यात बरेच महिने गेले. हे काम जीनोमबरोबरच सुरू करायला हवे होते. लॅटिन नावातील प्रजातिवाचक विशेषणाचे लिंग वंशनामाच्या लिंगाशी जुळते का, हे तपासायला एक दुपार पुरली.

संग्रहाने शीतशुष्क केलेली, म्हणजे गोठवून वाळवलेल्या जिवाणूंची, कुपी पडताळणीसाठी माझ्याकडे परत आली. ती चेंबरमध्ये उघडून रुमेन द्रवाच्या माध्यमात वाढवली आणि तिसऱ्या दिवशी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळीकडे लांब, बारीक दंडगोल होते. गोल ठिपका शोधत मी वीस क्षेत्रे पाहिली. एकही दिसला नाही.