वाई : अंतर एकवीस अथर्वशीर्षं

उद्या मंगळवार, १० जानेवारी २०२३. उद्या मी कोथरूडहून वाईला गाडी घेऊन जाणार आहे. ‘घेऊन जाणार’ म्हणजे स्वतः चालवत. शेजारी हे नाहीत, क्लासचे सर नाहीत. आहेत त्या माझी आत्या (वय ८१) आणि माझी मावशी (वय ७८).

ज्यांना हे फार काही वाटत नाही त्यांनी पुढे वाचू नये. नव्वदेक किलोमीटर तर आहे, लोक महाबळेश्वरला जाऊन संध्याकाळी परत येतात, मला माहीत आहे. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. गेली चार वर्षं माझी वॅगनार कर्वे रस्ता, मंडई आणि फार तर हडपसरची नणंद, एवढ्यातच फिरते. हायवेला चालवायचे ते हे. त्यांच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे गियरला हात लावायचा नाही असं ठरलं, त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला, “बेबी, मला एकदा वाई दाखव गं.” मला अजून बेबी म्हणणाऱ्या जगात दोनच व्यक्ती उरल्यात आणि दोघी उद्या माझ्या गाडीत असणार आहेत.

मावशीचं बालपण वाईच्या गणपती आळीत गेलं. आत्याचा वाईशी काडीचा संबंध नाही, पण मावशीला नेलं आणि आत्याला नाही, असं आमच्याकडे करून चालत नाही.

शनिवार-रविवार नको हे पहिलंच ठरवलं होतं. सुट्टीला सगळं पुणं खंबाटकी घाटात असतं. म्हणून कॅलेंडर बघून मंगळवार काढला, ऑफिसात रजा टाकली, आणि विजयी मुद्रेने आत्याला फोन केला. ती म्हणाली, “अगं, मंगळवारी अंगारकी आहे.”

मी कॅलेंडरवर वार पाहिला होता, खालची बारीक अक्षरं नाही. संकष्टी, त्यात मंगळवार, आणि आम्ही निघालोय कुठे, तर ढोल्या गणपतीच्या गावाला! निवांत दिवस म्हणून शोधून काढलेला दिवस वाईत वर्षातल्या गर्दीच्या दिवसांपैकी एक निघाला. रजा बदलता येईना. मावशी म्हणाली, “बोलावणं आलंय, आता मागे फिरायचं नाही.” झालं.

त्यामुळे सगळा बेत पुन्हा मांडावा लागला. पहिला बळी गेला तो शिरवळच्या वडापावचा. आत्याचा उपास निर्जळी नसला तरी कडक आहे. ‘बाहेरची खिचडी चालेल, पण तेल कुठलं आहे ते विचार’ या जातीचा. म्हणजे खिचडी घरून, डब्यात. मावशीला मधुमेह, तिला उपाशी ठेवायचं नाही, साबुदाणाही फार नाही. तिच्यासाठी वेगळं थालीपीठ. मी काय खाणार हे अजून कोणी विचारलेलं नाही.

आता रस्ता. हा मी वहीत लिहिलाय, कारण मोबाइलमधली बाई ऐन वेळी ‘री-राउटिंग’ म्हणाली की माझा धीर सुटतो. वारज्याहून बायपासला लागायचं, नवले पूल, दरी पूल, कात्रजचा नवा बोगदा, शिंदेवाडी, खेड शिवापूरचा टोल, चेलाडी, कापूरहोळ. मग सारोळ्याला नीरा नदी, ती ओलांडली की सातारा जिल्हा. शिरवळ, खंडाळा (लोणावळ्याचा नव्हे, आपला साताऱ्याचा), खंबाटकी घाट, वेळे, आणि सुरूर फाट्याला हायवे सोडून उजवीकडे. तिथून दहा-बारा किलोमीटरवर वाई. आणेवाडीचा टोल सुरूरच्या पुढे आहे, म्हणजे आपल्याला एकच टोल. चोवीस तासांच्या आत परतलं तर परतीचा निम्माच पडतो, हेही लिहून ठेवलंय. फास्टॅगमध्ये ३८ रुपये होते. हे मला काल रात्री कळलं, उद्या टोलच्या रांगेत कळलं नाही यातच आनंद. टॅग चालला नाही की दुप्पट भरा, हा नियम २०२१ च्या फेब्रुवारीपासून आहे आणि तो सगळ्यांना पाठ आहे. शिल्लक बघायची आठवण मात्र कोणाला राहत नाही.

काल रविवारी पहाटे क्लासच्या सरांना गाठून रंगीत तालीम केली. टोलच्या अलीकडेपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं, एवढंच. जाताना काही वाटलं नाही. बोगद्यात दिवे लावले, गल्ली बदलली नाही, सर मान डोलवत होते. भीती मला खंबाटकीची होती. सर म्हणाले, “मॅडम, घाटात चढताना गाडी तुम्हाला सांभाळून घेते. तुम्ही परतीचं बघा.” आणि परतताना बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा कळलं ते कशाबद्दल बोलत होते. तिथून नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डोळ्यांना तो उतार वाटतच नाही, रुंद सरळ रस्ता दिसतो. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता तरी काटा ऐंशीच्या पुढे सरकला. याच उतारावर गेल्या २० नोव्हेंबरला एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला अवजड गाड्या इथे न्यूट्रलवर सोडतात, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं.

सरांनी तिथे एकच गोष्ट करून घेतली. ब्रेक दाबून धरायचा नाही, तिसरा गियर टाकायचा आणि इंजिनालाच गाडी अडवू द्यायची. इंजिन ओरडतं, ओरडू दे. डावीकडच्या गल्लीत राहायचं नाही, कारण ट्रक तिथे असतात. उजवीकडच्या गल्लीत रेंगाळायचं नाही, कारण पोरं तिथे असतात. मधली आपली. आरशात मागचा ट्रक मोठा होताना दिसला की त्याला आधी जाऊ द्यायचं, मान-अपमान मनात आणायचा नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “हे मी तुला कितीदा सांगितलंय.” नाही सांगितलं. ते स्वतः तिथे चौथ्यात असतात.

म्हणून परतीची वेळ आधी ठरवली आणि निघायची वेळ त्यावरून काढली. वाईतून दुपारी तीनला हलायचं. जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि मागचा दिवा हा त्यांना दागिना वाटतो. अंधारात ते अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. येताना खंबाटकीचा घाट लागत नाही, पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा आहे. पण बोगद्यानंतरचं ते एस आकाराचं वळण बदनाम आहे. नव्या जुळ्या बोगद्यांचं काम चाललंय, ते होईल तेव्हा होईल. शिवाय आत्याला चंद्रोदयाच्या आत घरी पोचवायचंय. उजेडात नवले पूल आणि चंद्राआधी कोथरूड, या दोन खुंट्यांना दिवस टांगलाय.

सकाळी सव्वासातला निघायचं. आधी साडेपाच ठरलं होतं, पण थंडीत शिरवळच्या पुढे धुकं असतं आणि सूर्य सातनंतर उगवतो. दिसत नसताना लवकर पोचून करायचं काय?

बसायचं कसं, यावर तीन फोन झाले. आत्याचे गुडघे मागच्या सीटवर दुमडत नाहीत. मावशीला मागे बसलं की घाट लागतो. दोघींना पुढची सीट हवी, आणि दोघी इतक्या सभ्य की “अहो तुम्ही बसा पुढे”, “छे हो, तुम्ही बसा” यातच पंधरा मिनिटं जाणार. मी निकाल दिला. खंडाळ्यापर्यंत आत्या पुढे. घाटाच्या अलीकडे थांबू, तिथे आत्या मागे आडवे पाय पसरून आणि मावशी पुढे. थांबायची जागा मी रविवारी भाच्याला कामाला लावून पक्की करून घेतलीय. पेट्रोल पंप, स्वच्छ बाथरूम, कमोड, आणि पायरी एकच. या वयाच्या बायकांना न्यायचं तर प्रवासाचा नकाशा बाथरूमच्या टिंबांवरूनच काढावा लागतो. मावशीची लघवीची गोळी सकाळची असते, ती वाईला पोचल्यावर घ्यायची हे डॉक्टरांना विचारून झालं.

गाडी सीएनजीची. आज संध्याकाळी रांगेत चाळीस मिनिटं उभं राहून टाकी भरली. हवा भरली. स्टेपनीतही भरली, जी मी चार वर्षांत पहिल्यांदा पाहिली. डिकीत सिलिंडर असल्यामुळे आत्याच्या वॉकरला जागा नाही, तो मागच्या सीटवर मावशीच्या शेजारी चौथ्या प्रवाशासारखा बसेल. घाटात पेट्रोलवर टाकायचं, सीएनजीवर तीन माणसं आणि चढ म्हणजे गाडी धापा टाकते. हायवेचा मदतीचा नंबर १०३३ डॅशबोर्डवर चिकटवलाय. “एसटी खंबाटकी चढता चढता तापायची,” मावशी सांगत होती. “मग खामजाईच्या देवळाशी थांबवून ड्रायव्हर पाणी ओतायचा. आम्ही पोरं उतरून वाफ बघायचो.” तिला तिथे उतरायचंय. ट्रकच्या रांगेत मी तिला तिथे कशी उतरवणार देव जाणे, अजून ‘नाही’ म्हटलेलं नाही.

वाईत पोचल्यावर गाडी थेट मावशीच्या बालमैत्रिणीच्या दारात लावायची, देवळाकडे न्यायचीच नाही. तिथून रिक्षा. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, कृष्णेचा पूर तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. हे मावशी मला मी पाच वर्षांची असल्यापासून सांगतेय. उद्या मी तिला ती भिंत दाखवायला सांगणार आहे. गर्दी फार असली तर आत्या कळसाला नमस्कार करेल, असं तिनेच कबूल केलंय. दुपारी मैत्रिणीकडे वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, घाटावर ती पोर्तुगीज घंटा आहे, पण घाट म्हटला की पायऱ्या आल्या. ते मी वहीत लिहिलं आणि खोडलं. हळद मात्र घ्यायची. वाईची हळद आणली नाही तर शेजारच्या काकू बोलायच्या थांबतील.

आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत. एवढ्यात आत्याचा फोन येऊन गेला. सव्वासातला निघायचं तर तिची अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं होत नाहीत, म्हणून ती गाडीत म्हणणार आहे. मावशी गप्प बसणार नाही, हा मुद्दा मी मांडला. “त्यांना म्हणता येतं, त्याही म्हणतील,” आत्या म्हणाली. मग तिने विचारलं, “किती वेळ लागेल गं वाईला?”

“थांबणं धरून सव्वादोन तास.”

“एकाला माझी सहा मिनिटं. बरोब्बर बसतं. तो तुझा अवघड घाट कितव्याला येईल?”

मी वही काढली. खंडाळ्यापर्यंतचं अंतर, टोल, बाथरूमचा थांबा, सीटची अदलाबदल.

“पंधराव्याला.”

“बरं. मग पंधरावं मी मनातल्या मनात म्हणीन. तुझं लक्ष जायला नको.”