दोन चौकोन

पुढच्या खोलीतल्या भिंतीवर गेले बारा दिवस दोन चौकोन आहेत. डावा बदामी, उजवा हस्तिदंती. शेडकार्डावर दोघं सख्खे भाऊ वाटले होते. भिंतीवर दुसरा हात मारून वाळू दिला, तेव्हा उजव्यातून पिवळी झाक वर आली आणि डाव्यातून गुलाबी.

आज दुपारी उजवा फार देखणा दिसत होता. ऊन फरशीवरून उसळून त्याच्यावर येत होतं. संध्याकाळी २७०० केल्विनचा पिवळा दिवा लावला की त्यालाच कावीळ होते. ६५०० च्या पांढऱ्या दिव्याखाली डावा मलूल. ते शेजारीशेजारी काढले हेही चुकलंच. शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्येच सांगून ठेवलंय, शेजार बदलला की रंग बदललेला भासतो. विणलेल्या भित्तिचित्रांतला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्याच्याकडे आली होती. दोष काळ्याचा नव्हता, शेजारच्या निळ्या-जांभळ्याचा होता. तेव्हापासून मी एकावर पुठ्ठा धरून दुसऱ्याकडे बघते. मग पुठ्ठ्याचाच रंग आवडायला लागतो.

आमच्याकडे बाबा रंग घरीच कालवायचे. पांढऱ्या डिस्टेंपरच्या बादलीत स्टेनरची बाटली थेंबथेंब, काठीने ढवळायचं, कागदावर बोट ओढायचं, फुंकर मारायची. ओला रंग खोटं बोलतो, म्हणायचे. थांबायचं. मला त्या थांबण्याचा भयंकर कंटाळा यायचा. एकदा शेवटच्या भिंतीला हातभर रंग कमी पडला. दुसरा घाणा कालवला, तो किंचित तांबूस उतरला. किंचितच, पण घरातल्या प्रत्येकाला दिसायचा. कुणी बोललं नाही. त्या पट्ट्यापुढे कपाट सरकवलं आणि ते तिथेच राहिलं, गैरसोयीचं, दार अर्धंच उघडणारं. पाहुण्यांनी ‘कपाट इथे का?’ विचारलं की आई पंख्याचा वेग वाढवायची.

घर सोडताना कपाट काढलं. एवढ्या वर्षांत बाकीची भिंत धुराने, हातांनी, उन्हाने मळकट झालेली, आणि तो पट्टा मात्र कालच्यासारखा. किंचित तांबूस, अगदी छान. मला तर तोच खरा रंग वाटला. बाबा त्याच्यापुढे जरा वेळ उभे राहिले. मग सवयीने त्यावर बोट ओढलं, बोटाकडे पाहिलं, आणि फुंकर मारली.

आता चार वाजलेत. उजवा पिवळा पडायला लागलाय. रंगारी उद्या सकाळी फोन करणार आहे. पुठ्ठा कुठे ठेवलाय, सापडत नाही.