कधी रंगवलंय?

लंडनच्या एका ऑक्शन हाउसमधे नऊ वर्षं झाली मला. शिक्षण मुंबईत झालं, जेमॉलॉजीचं, त्यामुळे चायनीज जेड, म्हणजे तो कठीण मौल्यवान दगड, आलं की आधी माझ्या टेबलावर येतं. नोव्हेंबरमधे एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे, इंग्लिश, आणि कोटाच्या खिशातून एक लोकरीचा मोजा काढून माझ्यासमोर ठेवला. आतून निघाला एक प्राणी, मुठीत मावेल एवढा, सिंहासारखं तोंड, अंगाला चिकटलेले छोटे पंख, पाय पोटाखाली घेऊन बसलेला. बीश्ये. चीनमधे हा अशुभ दूर ठेवतो असं मानतात. त्यांच्या वडिलांनी १९५०च्या दशकात हाँगकाँगमधे घेतलेला, १९४९ नंतर चीनमधून बाहेर पडलेलं बरंच काही तिथे विकायला यायचं, आणि दुकानदाराने हान काळातला सांगितलेला म्हणजे साधारण दोन हजार वर्षं जुना. बिलावरही तसंच, आणि बिल आजोबांनी नीट जपलेलं.

जेडचे प्राणी काचेआडून कळतच नाहीत, हातात घ्यावे लागतात. जेड छिन्नीने कोरत नाहीत, ते घासतात, ओली वाळू आणि फिरतं चाक, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसं दिवसच्या दिवस. चांगला दगड यायचा चीनच्या पश्चिम टोकाकडच्या खोतानहून, तिथल्या दोन नद्यांमधून, युरुंगकाश आणि काराकाश, पाण्यात गोल झालेले गोटे. एवढ्या लांबून आलेल्या दगडाचा कण वाया घालवायचा नाही म्हणून कारागीर गोट्याच्या आकारातच प्राणी शोधायचा, त्यामुळे कुत्रा शेपूट पायात घेऊन झोपलेला, म्हैस मान वळवून बसलेली, बदकाची चोच पाठीवर टेकलेली. बाहेर आलेलं काहीच नाही, सगळं आत घेतलेलं, म्हणून तळहातात ते असं बसतं की सोडवत नाही. कलेक्टर लोक व्ह्यूइंगला येऊन एकेक पीस वीस वीस मिनिटं नुसतं फिरवत बसतात, मी कुणालाच घाई करत नाही.

आणि काळ किती मोठा बघा. चीनमधे आनयांगला १९७६ मधे फू हाओ राणीची कबर सापडली, इसवी सनपूर्व १२०० च्या आसपासची, त्यात जेडच्या ७५५ वस्तू, त्यात वाघ हत्ती अस्वल पोपट सगळं. हान काळात मेलेल्या माणसाच्या जिभेवर जेडचा सिकाडा ठेवायचे, कारण तो किडा जमिनीखालून परत वर येतो, आणि दोन्ही मुठीत जेडची डुकरं. त्यामुळे 'हान' हा शब्द बिलावर असला की किंमत कुठल्या कुठे जाते, आणि नकलाही सगळ्यात जास्त त्याच्याच होतात.

तर मी टेस्टिंग सुरू केलं. हवेत वजन २१२.४ ग्रॅम, पाण्यात १४०.५, म्हणजे घनता २.९५, नेफ्राइट, म्हणजे खरं चायनीज जेड, बरोबर. सर्पेंटाइन, जेडसारखा दिसणारा मऊ दगड, असता तर २.६ च्या आसपास आली असती. मग आयग्लास लावला. पाठीवर आणि मानेवर तपकिरी डाग होते, जमिनीत पुरलेल्या जेडला येतात तसे, आणि त्या डागांत बारीक खड्डे. गोट्याच्या नैसर्गिक सालीलाही खड्डे असतात पण ते वेडेवाकडे, कमीजास्त खोल. हे सगळे गोल, एकसारखे, मधमाशीच्या पोळ्यासारखे दाट, आणि रंग नेमका खड्ड्यांच्या तळाशी साचलेला. ड्रिल केलेले खड्डे. मी सरळ सांगितलं की हा डाग खरा नाही, मुद्दाम रंगवलंय.

आजोबा म्हणाले, कधी रंगवलंय?

मी म्हटलं बहुतेक अलीकडेच, दुकानदाराने घेण्याच्या थोडं आधी. त्यांचा चेहरा पडला आणि मला अजून वाईट वाटतं, कारण हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता, खोटं दिसलं आणि मी थांबले.

आमच्या हेड मॅडम मागे उभ्या होत्या, तीस वर्षं त्या हेच करतायत. त्यांनी लाइट आडवा केला आणि मला परत बघायला लावलं, रंग नाही, खड्ड्यांच्या कडा बघ म्हणाल्या. कडा झिजलेल्या होत्या. कण्यावर जिथे अंगठा फिरतो तिथे रंग पूर्ण गेलेला, खड्डे जेमतेम उरलेले, पंखांच्या रेघा तळापर्यंत पॉलिश केलेल्या, मोटरवरच्या डायमंड टूलची ती धारदार कड कुठेच नाही. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात रांगता बाळकृष्ण आहे पितळेचा, रोज आंघोळ घालून पुसून पुसून नाकडोळे नुसते अंदाजाने कळतात, अगदी तशी झीज. हे साठ सत्तर वर्षांत होत नाही.

मग मॅडमनी आजोबांना चीनच्या चिंग घराण्यातल्या चियानलोंग बादशहाची गोष्ट सांगितली, बादशहाने स्वतः लिहून ठेवलेली. अठराव्या शतकात त्याच्याकडे एक जेडचा कप आला, लालसर तपकिरी, सगळे हान काळातला समजत होते. त्याला शंका आली म्हणून त्याने राजवाड्यातल्या कारागिराला बोलावलं, याओ त्सोंगरेन त्याचं नाव, तर तो कप बघून हसला आणि म्हणाला हा माझ्या आजोबांनी केलाय. रीतही सांगितली त्याने. मऊसर, दोष असलेलं जेड घ्यायचं, बारीक ड्रिलने पोळ्यासारखे खड्डे पाडायचे, मग रंग भरून मंद आचेवर रात्रंदिवस ठेवायचं, वर्षभराहून जास्त. तो कप आज तैपेईच्या म्युझियममधे आहे. (याच बादशहाला आपल्याकडच्या मुघल जेडचंही वेड होतं, कविता केल्यात त्याने त्यावर. व्ही अँड ए म्युझियममधे शाहजहानचा १६५७ चा पांढरा जेड कप आहे, हँडलला बकऱ्याचं डोकं, घरचं कुणी लंडनला आलं की मी आधी तिथे नेते.)

म्हणजे टेबलावरचा बीश्ये नकलीच, पण नक्कलच अडीचशे एक वर्षं जुनी. मी आधीचं वाक्य मागे घेतलं, आजोबांची माफी मागितली आणि नोटमधे लिहिलं, चिंग काळ, अठरावं शतक, प्राचीन शैलीत, मुद्दाम रंगवलेला. हान असता तर जी किंमत आली असती तिच्या जवळपासही नाही, तरी चांगली होती, आणि मी एस्टिमेट सांगितलं.

त्यांनी तो आकडा ऐकला की नाही कळलं नाही. ते विचारत होते की त्या कारागिराच्या नावाचं स्पेलिंग काय. मी सांगितलं की हा बीश्ये याओच्या घरचाच असं म्हणायला काहीच पुरावा नाही, हो म्हणाले, तरी लिहून द्या, नातवाला सांगायचंय. वडील रोज रात्री रेडिओवर बातम्या ऐकताना हा हातात फिरवत बसायचे, एवढंच बोलले. मी नाव कागदावर लिहिलं, त्यांनी तो कागद बिलाला टाचला, बीश्येला परत मोज्यात घातलं, मोजा खिशात. विकायचं नाही ठरलं. मी दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा निघताना त्यांनी डावा हात पुढे केला, उजवा खिशातच होता.